आठ तंबोरे दोन दिवसांसाठी आले होते

लेकीनं बारावीनंतर संगीतातच पदवी घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणीही नाही म्हटलं नाही. आम्ही मिरजेचे. दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेला मी तिला मांडीवर घेऊन बसलेली आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा तिनं शाळेत असतानाच दिल्या होत्या. त्यामुळे तिच्या गाण्याबद्दल शंका नव्हती. चुकलो ते कॉलेज निवडताना. ते कसं, हे सविस्तर लिहिते आहे, कारण जूनमध्ये पुन्हा कितीतरी आईवडील अशाच दारात उभे राहणार आहेत.

जून २०२४. एका खासगी कॉलेजच्या 'परिचय दिवसा'ला आम्ही तिघं गेलो. माहितीपत्रकावर चार मोठ्या गायकांचे फोटो, खाली 'मार्गदर्शक गुरू'. सभागृहात पांढऱ्या बैठकीवर आठ तंबोरे ओळीनं मांडलेले, सगळे जुळलेले. ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विभागप्रमुख म्हणाले, "ताई, निर्धास्त राहा. मुलगी आता आमची." विद्यापीठाची संलग्नता आहे ना, असं ह्यांनी विचारलं. त्यांनी संलग्नतेचं पत्र समोर ठेवलं. पत्र खरंच होतं. आम्ही ते वरवर पाहिलं आणि त्याच दिवशी ८५,००० रुपये भरले. वसतिगृहाचे ६०,००० वेगळे.

एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. लेकीला त्यांनी गायलाच सांगितलं नाही. बारावीचे टक्के विचारले, फॉर्म भरून घेतला, पावती दिली. संगीत विभागात प्रवेश देताना मुलीचा षड्ज, म्हणजे साधा 'सा'सुद्धा कुणी ऐकत नसेल, तर तिथं तिच्या गळ्याचं पुढं काय होणार, हा साधा विचार मला सुचला नाही.

ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाले. एका खोलीत ३१ मुलंमुली, समोर एक इलेक्ट्रॉनिक तानपुरा. शिकवायला तासिका तत्त्वावर नेमलेला एकच तरुण. गायन त्यानंच शिकवायचं, शास्त्र त्यानंच, हार्मोनियमही त्यानंच. त्या मुलाला मी दोष देत नाही, तो मनापासून शिकवायचा. पण सगळ्या वर्गाची पट्टी, म्हणजे 'सा' धरायचा सूर, एकच ठेवलेली: हार्मोनियमची काळी दोन. मुलांना ती सोयीची. माझी लेक काळी चारमध्ये गाते. वर्गात तिला एक सप्तक वरून गावं लागे, आणि तिथं काळी दोनचा तार षड्ज (वरचा 'सा') म्हणजे तिच्या पट्टीतला तार पंचम (वरचा 'प'). त्याच्या वर ती रोज ताणून गात होती. सप्टेंबरमध्ये फोनवर तिचा आवाज बसलेला ऐकून मी म्हटलं, सर्दी झाली असेल. ती काही बोलली नाही. महिनाभरानं म्हणाली, "आई, माझा भूप राग बिघडलाय." मग तिनं घरचा तंबोरा वसतिगृहात नेला आणि रात्री स्वतःच्या पट्टीत रियाज करू लागली.

मार्गदर्शक गुरूंबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं: "दिवाळीनंतर येतील." तंबोरे कुठं आहेत? "दुरुस्तीला दिलेत, दिवाळीनंतर." विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक? तोही दिवाळीनंतर. दिवाळीच का, हे आम्हाला नंतर कळलं. त्या वर्षी यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, नियम असा होता की ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द केला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकीचं परत. लक्ष्मीपूजन होतं १ नोव्हेंबरला.

दिवाळीच्या सुट्टीत लेक तंबोरा घेऊन घरी आली. जवारी काढून घ्यायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद नीट करून घ्यायला, आम्ही तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीत गेलो. आमच्या ओळखीच्या कारागिरानं कॉलेजचं नाव ऐकलं आणि हातातलं काम थांबवलं. "वहिनी, जूनमध्ये त्यांनी आमच्याकडनं आठ तंबोरे भाड्यानं नेले होते. दोन दिवसांसाठी."

भाऊबीज झाल्यावर मी विद्यापीठाच्या संलग्नता विभागात फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की कॉलेजला बी.ए.ची संलग्नता आहे, पण संगीत विषयाची नाही. त्यासाठी अर्ज आलाय, चौकशी समिती अजून गेलेली नाही. म्हणजे आम्हाला दाखवलेलं पत्र कॉलेजचं होतं, विषयाचं नव्हतं. त्यात विषयांची यादी जोडलेली होती. ते पान आम्ही उलटलंच नाही. ही फसवणूक जिथं झाली ती जागा म्हणून सांगते: संलग्नता कॉलेजला असते तशी विषयालाही लागते. चालू शैक्षणिक वर्षाच्या पत्रावर 'संगीत' हा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, आणि पैसे भरण्याआधी विद्यापीठात फोन करून विचारा. माझा फोन पाच मिनिटांचा होता.

मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजनं ठेवून घेतला होता. "वर्ष पूर्ण करा, मग देऊ." २०१८ च्या यूजीसी अधिसूचनेप्रमाणे कुठल्याही संस्थेला मूळ कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत. ती अधिसूचना छापून टेबलावर ठेवली तेव्हा कागद तासाभरात मिळाले. पैसे मिळाले नाहीत. यूजीसीच्या ई-समाधान या तक्रार पोर्टलवर आणि विद्यापीठाकडे तक्रार केली आहे, पाठपुरावा चालू आहे. वर्ष गेलं ते गेलंच. त्याहून मला लागलं ते हे, की जानेवारीपर्यंत ती आमच्यासमोर गायची नाही.

गेल्या जूनमध्ये एका सरकारी विद्यापीठाच्या संगीत विभागात गेलो, तेव्हा प्रश्न लेकीनंच विचारले. मंगळवारी सकाळी प्रत्यक्ष कोण शिकवतं? पूर्णवेळ शिक्षक किती? तबल्याला साथीदार नेमलेला आहे का? दुसऱ्या वर्षाच्या मुलींना तिनं कॅन्टीनमध्ये गाठून विचारलं, तुम्ही कुठल्या पट्टीत गाता? मग परवानगी घेऊन ती वर्गात मागे बसली. मी दाराबाहेर. आत सात मुली होत्या. शिक्षिका आल्या, कुणाशी काही न बोलता दोन तंबोरे काळी चारमध्ये जुळवू लागल्या. दहा मिनिटं गेली तरी समाधान होईना. मग त्यांनी मागे वळून माझ्या लेकीला विचारलं, "तुला जुळवता येतो का गं?"

ती उठून पुढे गेली.