रिकाम्या मशीनला काम मिळतं, पण रिजेक्शन कुणाच्या खात्यात?

छोटं मशीन शॉप चालवतो. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), एक टर्निंग सेंटर (तसाच लेथ). ग्राहकांच्या पार्ट्सच्या ऑर्डर आमच्यासारख्या शॉपना वाटणाऱ्या एका ऑनलाइन मॅन्युफॅक्चरिंग प्लॅटफॉर्मवर बऱ्याच दिवसांपासून कामं घेतोय. नाव लिहीत नाही, कारण हा धंदा करणाऱ्यांची पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच आहे.

आधी चांगलं. उभ्या मशीनचा खर्च थांबत नाही, आणि इथे ग्राहक शोधायला फिरावं लागत नाही. बोर्डवर जॉब दिसतो, भाव दिसतो. परवडला तर घ्यायचा. पेमेंट ठरल्या तारखेला येतं, ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ ऐकावं लागत नाही. मटेरियल मात्र आपल्या खिशातून, हे धरूनच चालायचं.

प्लॅटफॉर्म ग्राहकाकडून किती घेतो ते आम्हाला कळत नाही, आमचा भाव ग्राहकाला कळत नाही. यावर बरेच शॉपवाले चिडतात. माझी तक्रार नाही. ग्राहक प्लॅटफॉर्मने आणलाय, मार्जिन खाणारच.

माझी तक्रार वेगळी आहे. भाव काढणारं सॉफ्टवेअर थ्रीडी मॉडेल वाचतं. खरी मेख ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या नोटमध्ये असते.

एका ॲल्युमिनियम हाउसिंगचं उदाहरण. बेअरिंगसाठी बोअर (गोल भोक) २० एच७, म्हणजे २०.००० ते २०.०२१ मिमी. खाली नोट: हार्ड ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवरचा कडक ऑक्साइडचा थर), ५० मायक्रॉन, म्हणजे ०.०५० मिमी. हा थर साधारण निम्मा धातूत शिरतो, निम्मा वर चढतो. म्हणजे भिंत दोन्ही बाजूंनी २५-२५ मायक्रॉन आत येणार, व्यास ५० ने घटणार आणि २१ मायक्रॉनच्या टॉलरन्सचा (मापात चालणाऱ्या फरकाचा) निकाल लागणार. मग माप कोटिंगआधीचं की नंतरचं? की बोअर मास्क करून, म्हणजे झाकून, कोटिंगविना कोराच ठेवायचा?

ग्राहकाला फोन करता येत नाही, नाव-नंबर झाकलेला. चॅटवर विचारलं. डिलिव्हरीचं घड्याळ चालूच होतं. उत्तर आलं: ‘ड्रॉइंगप्रमाणे करा.’ अहो, ड्रॉइंगमध्ये नाही म्हणूनच तर विचारतोय! अंतिम माप धरून बोअर मोठा काढला, कोटिंगनंतर प्लग गेज (भोक तपासायचं माप) लावलं: त्याचं आत जायला हवं ते ‘गो’ टोक गेलं, जायला नको ते ‘नो-गो’ अडलं. माप चोख. तरी लॉट रिजेक्ट, कारण ग्राहकाला बोअर कोरा हवा होता.

प्लॅटफॉर्मने ग्राहकाला पैसे परत केले आणि माझ्या बिलातून वळते करून घेतले. ॲनोडायझिंगवाल्याचे मी चुकते केलेच. त्याचा काय दोष? ग्राहकाचं समाधान, प्लॅटफॉर्मचं नाव शाबूत, आणि माझं रेटिंग खाली. रेटिंग घसरलं की चांगले जॉब उशिरा दिसतात, तो फटका वेगळा. ग्राहकाचंही चुकलं म्हणत नाही. त्याच्यापर्यंत माझा प्रश्न पोचला तरी का, कुणास ठाऊक.

उपाय फार मोठा नाही. शॉपने तांत्रिक प्रश्न टाकला की लेखी उत्तर येईपर्यंत घड्याळ थांबवा, आणि ते उत्तर ऑर्डरचा भाग माना. मग रिजेक्शनमध्ये कुणाची चूक हे भांडायची वेळच येणार नाही. कमिशन घेणाऱ्याने एवढी जबाबदारी घ्यायला हरकत नसावी.

पाचपैकी तीन तारे. ब्रॅकेट, प्लेट, स्पेसर, जनरल टॉलरन्सची कामं बिनधास्त घ्या. फिट (एच७ सारखं नेमकं बसणारं माप) आणि कोटिंग एकाच ड्रॉइंगवर दिसलं, तर लेखी खुलासा हातात येईपर्यंत ‘ॲक्सेप्ट’ दाबू नका.