नंदनवनमधली बीजगणिताची शिकवणी: पाच महिन्यांचा अनुभव

मी नागपुरात कळमन्याच्या फळबाजारात अडत्याकडे हिशेब लिहितो. मुलगी आठवीत आहे. आधीच्या क्लासमध्ये तिला 'क्ष म्हणजे संत्रा, य म्हणजे केळं' असं शिकवलं होतं. ३क्ष + २क्ष जमायचं, पण ३क्ष + ५ दिसलं की ती बेधडक ८क्ष लिहायची. क्ष × क्ष आलं की अडून बसायची. संत्र्याला संत्र्यानं गुणायचं कसं?

नंदनवनातल्या या मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बाबांच्या बाजारात एका कॅरेटमध्ये किती संत्री असतात?" पोरगी म्हणाली, माहीत नाही. "मग त्या आकड्यालाच क्ष म्हण." क्ष म्हणजे फळ नव्हे, फळांची संख्या. सारखे भरलेले तीन कॅरेट आणि पाच सुटी संत्री म्हणजे ३क्ष + ५; कॅरेट मोजल्याशिवाय ती बेरीज पुढे सरकत नाही. सहगुणक (क्ष च्या आधीचा आकडा), स्थिरपद (क्ष नसलेला सुटा आकडा), सजातीय पदं (ज्यांतली अक्षरं आणि घात सारखे, अशी पदं) हे शब्द त्यानंतर आले, म्हणून डोक्यात राहिले. भास्कराचार्य अज्ञात संख्यांना कालक, नीलक अशी रंगांची नावं देत, हेही मॅडमनी सांगितलं. तेव्हापासून मुलगी सजातीय पदांखाली एकाच रंगाची रेघ मारते.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती पडताळणीची सवय. ७ − (२क्ष − ३) चं उत्तर तिनं ४ − २क्ष काढलं. मॅडम चूक म्हणाल्या नाहीत, क्ष = १ घालायला लावलं. मूळ राशी आली ८, तिचं उत्तर २. मग कंसाआधीची वजाबाकी आतल्या दोन्ही पदांची चिन्हं बदलते, हे तिनंच शोधलं आणि १० − २क्ष लिहिलं. (क्ष + ३)² म्हणजे क्ष² + ९ हा घोळही असाच सुटला: क्ष = २ घेतलं तर एकीकडे २५, दुसरीकडे १३. नंतर चौरस काढून राहून गेलेले ३क्ष चे दोन आयत दाखवले. एका संख्येला जुळलं म्हणजे उत्तर बरोबरच असं नाही, हेही त्या बजावतात.

वेग मात्र कमी आहे. अडीच आठवडे नुसते कंस चालले होते आणि घटक चाचणीपर्यंत अवयव, म्हणजे राशी गुणाकाराच्या रूपात मांडणं, झालेच नव्हते. ते मी घरी घेतले. तरी तिला तिथून काढणार नाही. बॅच बारा मुलांची, फी महिन्याला ९०० रुपये. खोली वरच्या मजल्यावर, कूलर एकच, तेव्हा उन्हाळ्यात पाण्याची बाटली सोबत द्या.