मुंबईची एम्प्रेस की मायामीची आयकॉन?

आई-बाबांना क्रूझ घडवायचीय, पण कुठली, असं मैत्रिणीनं विचारलं. मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ बोट १९९० सालची, २११ मीटर लांब. अमेरिकेतल्या मायामीहून सुटणारी ‘आयकॉन ऑफ द सीज’ २०२४ची, ३६५ मीटर, २० डेक (मजले), ७ तरणतलाव. खर्चात तुलनाच नको: आयकॉनला व्हिसा, विमान, वर टिप्स आणि वायफाय वेगळं. एम्प्रेसवर दोन रात्रींतही हौस फिटते, जैन जेवणही मिळतं.

खरा मुद्दा चालण्याचा. आयकॉनवर केबिनपासून जेवणापर्यंत जातानाच गुडघे बोलायला लागतात. शिवाय एम्प्रेसच्या कठड्याशी उभं राहिलं की समोर समुद्र. आयकॉनवर काही केबिनी चक्क जहाजातल्या बागेकडे उघडतात.

नातवंडं सोबत असतील तर आयकॉन, तिथल्या घसरगुंड्यांना तोड नाही. दोघंच असतील तर बिनधास्त एम्प्रेस.