टॅलीच्या जोडीला एक्सेल, की सगळं ईआरपीनेक्स्टमध्ये?

ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातल्या बऱ्याच छोट्या कारखान्यांत हिशेब टॅलीत असतो आणि स्टोअरमधल्या मालाची नोंद एक्सेलमध्ये. ईआरपीनेक्स्ट म्हणजे हिशेब आणि स्टोअर दोन्ही एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर. जीएसटी, टीडीएस, बँक जुळवणी एवढ्यासाठी ही जोडी पुरते, आणि टॅलीवर हात बसलेला अकाउंटंट ठाण्यात सहज मिळतो. रिटर्न वेळेवर जाणं एवढीच गरज असेल, तर बदलाच्या फंदात न पडलेलं बरं. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना सक्तीचा झालेला ऑडिट ट्रेल, म्हणजे कोणी कधी काय बदललं याची नोंद, टॅली आणि ईआरपीनेक्स्ट दोन्हींत मिळतो. स्टोअरच्या एक्सेलला मात्र तो नसतो.

माझा कौल ईआरपीनेक्स्टकडे गेला तो 'माल आला, बिल नाही' या एका कटकटीवर. 30 तारखेला 4 लाखांचे पीव्हीसी दाणे गेटमधून आत येतात, बिल येतं पुढच्या 5 तारखेला. अखेरच्या साठ्यात दाणे मोजले जातात, खरेदीत नसतात. त्या महिन्याचा नफा 4 लाखांनी फुगतो, पुढच्या महिन्यात तेवढाच घसरतो, आणि मालक कारण विक्रीत शोधत बसतो. टॅलीतही बिलाआधी आलेल्या मालाची नोंद करायला रिसीट नोट आहेच. पण स्टोअरवाला एक्सेलमध्ये लिहितो तोवर ती कोण टाकणार?

ईआरपीनेक्स्टमध्ये पर्पेच्युअल इन्व्हेंटरी (मालाची प्रत्येक आवक-जावक लगेच हिशेबात चढणं) चालू असेल, तर स्टोअरने पर्चेस रिसीट, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, सबमिट करताच स्टॉक खातं नावे पडतं आणि 'स्टॉक रिसीव्ड बट नॉट बिल्ड' (माल आला, बिल नाही) हे खातं जमा होतं. बिल चढवलं की ते खातं सुटतं, रक्कम पुरवठादाराच्या नावावर जाते. महिनाअखेर त्यात उरेल ती शिल्लक म्हणजे यायची राहिलेली बिलं. अट एकच, बिल त्या रिसीटवरूनच बनवायचं. थेट टाकलं तर रिसीट 'टू बिल', म्हणजे बिल बाकी, म्हणून लटकत राहते.

त्रास इथेही आहे. 25 किलोच्या बॅगेचा कन्व्हर्जन फॅक्टर (एका बॅगेत किती किलो) 25 टाकायचा राहिला, तर 40 बॅगा 1,000 ऐवजी 40 किलो म्हणून चढतात आणि किलोचा दर 25 पट दिसतो. मागच्या तारखेची स्टॉक नोंद केली, तर पुढच्या नोंदींचं मूल्य नव्याने निघतं आणि बंद केलेल्या महिन्याचा नफा हलतो. म्हणून महिना संपला की स्टॉक सेटिंग्जमध्ये तारीख गोठवा, म्हणजे तिच्या आधीची स्टॉक नोंद करता येत नाही.

माल उतरला त्याच दिवशी रिसीट टाकणारा माणूस स्टोअरमध्ये नसेल, तर तूर्त टॅलीच ठेवा. असेल, तर 31 मार्चची प्रत्यक्ष मोजणी स्टॉक रिकन्सिलिएशनने (मोजलेला साठा सिस्टिममध्ये चढवायची नोंद) चढवून 1 एप्रिलपासून नव्या सिस्टिमवर या.