फोनमधली मूळची अ‍ॅप्स सिस्टिम अपडेटपासून वेगळी ठेवल्यावर: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल: अँड्रॉइडवर ही पद्धत उत्तम चालते, आणि कंपनीने अपडेट देणं थांबवलेल्या जुन्या फोनला तर तिचाच आधार आहे. फक्त कुठलं अ‍ॅप कुठल्या वाटेने येतं, हे माहीत पाहिजे.

वाटा तीन आहेत. पहिली अ‍ॅप स्टोअरची. फोन, मेसेजेस, घड्याळ, कॅल्क्युलेटर, जीबोर्ड (कीबोर्ड) ही गूगलची अ‍ॅप्स प्ले स्टोअरवरून अपडेट होतात. सॅमसंगची बरीचशी स्वतःची अ‍ॅप्स गॅलक्सी स्टोअरवरून. दुसरी वाट 'गूगल प्ले सिस्टिम अपडेट'ची. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० बरोबर ती आली. मीडिया कोडेक (ऑडिओ-व्हिडिओ उलगडणारे भाग), परवानग्यांची यंत्रणा, टाइम झोनचा डेटा असे सिस्टिमचे तुकडे यातून परस्पर बदलतात, मात्र फोन रीस्टार्ट केल्यावरच लागू होतात. तिसरी वाट म्हणजे फोनच्या कंपनीचं पूर्ण अपडेट. कंपनीचा कॅमेरा बहुधा याच वाटेने येतो, कारण तो त्या फोनच्या ड्रायव्हरशी, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशी, घट्ट बांधलेला असतो.

मुंबईत रोज लोकल पकडणाऱ्याला याचा फायदा लगेच कळतो. अ‍ॅपचं अपडेट काही सेकंदांत होतं, तेवढंच अ‍ॅप बंद होऊन पुन्हा उघडतं. सिस्टिमच्या अपडेटला रीस्टार्ट लागतोच, आणि ज्या फोनमध्ये ते मागच्या मागे बसवण्याची सोय नाही तिथे पंधरा-वीस मिनिटं नुसती पट्टी सरकताना बघायची. पास किंवा तिकीट मोबाइलवर असेल तर ही मिनिटं दादरच्या पुलावर नकोत. सिस्टिमचं अपडेट रात्री घरच्या वायफायवर, चार्जर लावून. अ‍ॅप्सचं प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'फक्त वायफायवर'. एवढं केलं की डेटा पॅकही वाचतो.

आता जागेचा हिशोब. मूळ अ‍ॅपची प्रत सिस्टिमच्या विभागात असते आणि तो विभाग फक्त वाचण्यापुरता असतो. अपडेट आलं की नवी प्रत तुमच्या स्टोरेजमध्ये बसते, जुनी जागच्या जागी राहते. म्हणजे एकाच अ‍ॅपच्या दोन प्रती. ३२ जीबीच्या फोनवर हे जाणवतं. न लागणाऱ्या मूळ अ‍ॅपवर 'अपडेट अनइंस्टॉल करा' आणि मग 'बंद करा' केलं तर वरची प्रत आणि तिचा डेटा जातो. मूळ प्रतीची जागा मात्र कधीच मोकळी होत नाही. संगणकाला जोडून एडीबीने (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याचं अँड्रॉइडचं साधन) अ‍ॅप 'काढलं' तरी ते फक्त त्या वापरकर्त्यापुरतं जातं, फॅक्टरी रीसेट केलं की परत हजर.

हेच 'अपडेट अनइंस्टॉल करा' बिघाडातही कामी येतं. मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यूचं सदोष अपडेट आलं आणि जगभर जीमेलसकट अनेक अ‍ॅप्स उघडताच बंद पडू लागली. अ‍ॅपच्या आत वेबपान दाखवण्याचं काम वेबव्ह्यू करतो, म्हणून एक बिघडला की अनेक आडवी होतात. वेबव्ह्यूचं अपडेट काढलं की फोन चालू होत होता, आणि दुरुस्तीही प्ले स्टोअरवरूनच आली, कंपनीच्या पूर्ण अपडेटची वाट पाहावी लागली नाही. पायऱ्या सोप्या: सेटिंग्ज, अ‍ॅप्स, ते अ‍ॅप, वरचे तीन ठिपके. त्यानंतर प्ले स्टोअरमध्ये त्याच अ‍ॅपच्या पानावर ऑटो-अपडेटची खूण काढायलाच हवी, नाहीतर तेच अपडेट रात्रीतून परत बसतं. आणि दुरुस्ती आली की खूण आठवणीने परत लावा.

यात डेटा पुसला जातो, हे मात्र आधी लक्षात घ्या. एसएमएस आणि कॉलची यादी सिस्टिमच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असल्याने सहसा टिकते. कीबोर्डचं तसं नाही: शिकलेले मराठी शब्द जाऊ शकतात, मराठी कीबोर्डही पुन्हा जोडावा लागतो. टायपिंग मराठीत करणाऱ्याला हा त्रास बराच काळ पुरतो.

आयफोनवर ही मोकळीक नाही. आयओएस १० पासून, म्हणजे २०१६ पासून, बरीच मूळ अ‍ॅप्स काढता येतात आणि अ‍ॅप स्टोअरवरून परत आणता येतात. पण सफारी किंवा मेल नवं हवं तर आयओएसच अपडेट करावं लागतं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जुना फोन घेताना विक्रेता 'सगळं अपडेटेड आहे' म्हणेल, आणि प्ले स्टोअरपुरतं ते खरंही असेल. तरी 'फोनबद्दल'मध्ये जाऊन अँड्रॉइड सुरक्षा अपडेटची तारीख स्वतः वाचा. कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि ड्रायव्हरमधल्या त्रुटी कंपनीच्या अपडेटनेच बुजतात, स्टोअरमधून नाही. ती तारीख दोन वर्षांपूर्वी थांबलेली असेल, तर त्या फोनवर यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप्स टाकू नका, किंमत कितीही कमी असो.