जेम-सिस किमो: जुनी, परवडणारी, पण किडनीवर अवलंबून

मूत्राशयाचा कॅन्सर पसरल्यावर दिली जाणारी जेमसायटाबिन-सिस्प्लॅटिन (थोडक्यात जेम-सिस) ही जोडी आजही कामाची आहे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिची एमव्हॅक या चार औषधांच्या जुन्या किमोशी तुलना झाली. जेम-सिस घेणाऱ्यांपैकी निम्मे 13.8 महिन्यांहून जास्त जगले, एमव्हॅकवरचे 14.8. हा फरक नगण्य ठरला आणि जेम-सिसचा त्रास बराच कमी होता. पाच वर्षांनंतर मात्र जेम-सिस घेतलेल्यांपैकी जेमतेम 13 टक्के हयात होते. हे घरच्यांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवं.

खरी अडचण किडनीची. सिस्प्लॅटिनसाठी क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते तो आकडा, साधारण 60 च्या वर लागतो आणि रक्तातल्या नुसत्या क्रिएटिनिनच्या रिपोर्टवर विसंबणं घातक आहे. 72 वर्षांच्या, 50 किलो वजनाच्या पुरुषाचा रिपोर्ट 1.1 आला तर सगळं ठीक वाटतं; वय आणि वजन धरणाऱ्या कॉकक्रॉफ्ट सूत्राने हिशोब केला की क्लिअरन्स निघतो फक्त 43. गाठीमुळे मूत्रवाहिनी तुंबली असेल तर आधी स्टेंट किंवा पाठीतून नळी टाकून किडनी मोकळी करावी, मग पुन्हा मोजावं. घाईने सिस्प्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन या किडनीला सोसणाऱ्या औषधावर जाऊ नये, ते कमी पडतं.

दर 21 दिवसांची सायकल, अशा चार ते सहा. पहिल्या दिवशी दोन्ही औषधं, आठव्या दिवशी फक्त जेमसायटाबिन. शरीराचं क्षेत्रफळ 1.6 चौरस मीटर असेल तर जेमसायटाबिन 1600 मिलिग्रॅम, सिस्प्लॅटिन 112. डे-केअरची पारख इथेच होते. सिस्प्लॅटिनच्या आधी आणि नंतर भरपूर सलाईन, त्यात पोटॅशियम-मॅग्नेशियम देतात का? लघवी मोजतात का? जेमसायटाबिन अर्ध्या तासात संपवतात का? सावकाश सोडलं तर सोसतं, हा समज इथे उलटा पडतो: तासाच्या वर गेलं की प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी जास्त घसरतात. आठव्या दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) न बघता औषध लावणारं केंद्र टाळा.

घरी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही किडनीवर ताण आणणारी वेदनाशामकं बंद. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला की सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

एन्फोर्टुमॅब-पेम्ब्रोलिझुमॅब या नव्या औषधांच्या जोडीवर दुसऱ्या एका चाचणीत निम्मे रुग्ण 31.5 महिन्यांहून जास्त जगले, किमोवरचे 16.1. परवडत असेल तर आधी तिचाच विचार करावा. ते शक्य नसेल आणि किमोने आजार आटोक्यात राहिला, तर पुढे अ‍ॅव्हेलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध सुरू करून चालू ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं.