प्रदर्शनाच्या प्रकल्पासाठी कोण: ध्रुवीय अस्वल की गुत्तीचा निळा टॅरान्टुला?

सातवी-आठवीच्या विज्ञान प्रदर्शनात अनुकूलन हा विषय आला की आपल्या बीड-परभणी भागात बहुतेकांची पहिली पसंती ध्रुवीय अस्वलाला असते. मी दोन्ही प्राणी वर्गात घेऊन पाहिले, म्हणून निवडीच्या विचारात असलेल्या शिक्षकांसाठी लिहितोय.

अस्वलाची बाजू भक्कम आहे. बर्फातल्या छिद्रापाशी सीलची वाट बघत बसणं, गाभण मादीनं बर्फाच्या गुहेत महिनोन्‌महिने न खाता काढणं, हे सांगताना वर्ग चिडीचूप होतो. 1973 साली पाच देशांनी त्याच्या संरक्षणाचा करार केला. शीतयुद्ध चालू असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघंही त्यात होते, त्यामुळे इतिहासाचा तासही जोडता येतो.

घोडं अडतं ते कापसावर. आपल्याकडे कापूस घरोघर. मुलं तो आणतात, पुठ्ठ्यावर चिकटवतात आणि पांढरंशुभ्र अस्वल तयार होतं. पण खरी गोष्ट अशी की त्याची कातडी काळी असते आणि केसांत पांढरा रंग नसतोच. पारदर्शक केसांमधून प्रकाश विखुरतो म्हणून ते पांढरं दिसतं. हे फळ्यावर लिहून द्या, पाठ करून घ्या, परीक्षकांनी विचारलं की उत्तर येतं, "बर्फ पांढरा, म्हणून कातडी पांढरी." दोन तास बसून हातांनी जे चिकटवलं, त्यापुढे माझं फळ्यावरचं वाक्य टिकत नाही. काळ्या पुठ्ठ्यावर तंगूस लावूनही पाहिला. तो चिकटता चिकटत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत पुन्हा कापूसच.

गुत्तीचा निळा टॅरान्टुला म्हणजे एक कोळी, शास्त्रीय नाव पोसिलोथेरिया मेटालिका, आंध्रातला. गुत्ती गावच्या रेल्वे लाकूडवखारीत सापडलेल्या नमुन्यावरून पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञानं 1899 साली त्याचं वर्णन केलं, आणि पुढे शतकभरानं, 2001 मध्ये, नंद्याल-गिद्दलूर भागातल्या जंगलात तो पुन्हा दिसला. पानगळीचं जंगल, जुन्या झाडांची ढोली. किनवटकडचं रान पाहिलेल्या पोराला हे वेगळं समजवावं लागत नाही. त्याचा निळाही रंगद्रव्याचा नाही, केसांच्या सूक्ष्म रचनेचा आहे. आणि तो दाखवायला गळलेलं मोरपीस पुरतं, कारण त्याचा रंगही रचनेचाच. पीस उजेडासमोर धरून आरपार बघितलं की निळं-हिरवं जातं आणि तपकिरी उरतं. ज्यानं हे स्वतः पाहिलं तो परीक्षकांना न अडखळता सांगतो.

धोक्याचंही तसंच. जळण आणि लाकडासाठी जुनी झाडं गेली की या कोळ्याचं घर जातं, आणि रस्ता रुंद करताना पडलेल्या चिंचा आपल्या मुलांनी पाहिलेल्या आहेत.

काही पालक कोळी म्हटलं की नाक मुरडतात, हे खरं. जिवंत कोळी आणायचा नाहीच. तो अतिसंकटग्रस्त आहे आणि चावा फार दुखतो. चित्र आणि मोरपीस एवढ्यावर काम भागतं. वर्ग चौथीच्या खालचा असेल तर अस्वल ठीक वाटतं, कुणाचा अनुभव वेगळाही असेल. सातवीपासून पुढे मात्र मी कोळीच घेईन.